रूळ संपतात तिथलं गाव

दार-ए-सलामहून निघालेली रेल्वे मोरोगोरो, डोडोमा, टबोरा अशी पश्चिमेकडे सरकत राहते आणि सुमारे साडेबाराशे किलोमीटर तोडून एका सरोवराच्या काठी थांबते. पुढे रूळच नाहीत. समोर टांगानिका सरोवर, पलीकडच्या काठाला काँगोचे डोंगर, आणि उत्तरेला काही तासांच्या अंतरावर बुरुंडीची हद्द. हे किगोमा. टांझानियाच्या किगोमा प्रांताचं मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावासारखं: प्रांताची कचेरी, इस्पितळ, बंदर, बाजार आणि स्टेशनापासून चढावर जाणारा, दोन्ही बाजूंना आंब्याची जुनी झाडं असलेला एक मोठा रस्ता.

नोकरीच्या निमित्ताने मी दार-ए-सलामला राहत होतो तेव्हा तिथल्या सहकाऱ्यांना माझा किगोमाचा बेत समजेना. सुट्टी मिळाली तर माणूस झांझिबारला जातो, सेरेंगेटीला जातो. पण माझं लहानपण नाशिकच्या शरणपूर रोडवर गेलं आहे, आणि शरणपूरचा एक धागा थेट या सरोवरापर्यंत येतो. तो धागा मला त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचा होता.

गाडी मीटरगेजची. टबोरा मागे पडलं की झाडी वाढते, वस्ती विरळ होते. उविंझा नावाचं स्टेशन येतं. तिथल्या खाऱ्या झऱ्यांचं पाणी आटवून मीठ करण्याचा धंदा दीड हजार वर्षांचा तरी जुना आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण या भागाचा इतिहास बहुतेक वेळा गोरे प्रवासी आले तिथपासून सुरू केला जातो. मीठ डोक्यावर घेऊन सरोवराकडे जाणारी माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून या वाटेवर होती.

किगोमा हे तसं अलीकडचं गाव. जुनं गाव उजीजी, दक्षिणेला आठेक किलोमीटरवर. आज दोन्ही मिळून एकच नगरपालिका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किनाऱ्यावरचे अरब आणि स्वाहिली व्यापारी हस्तिदंताच्या मागावर इथवर पोचले आणि स्थायिक झाले. बागामोयो ते टबोरा ते उजीजी अशी सुमारे बाराशे किलोमीटरची पायवाट रुळली. त्या वाटेवर जनावरं चालत नसत, कारण त्सेत्से माशीपुढे बैल आणि घोडे टिकत नव्हते. त्यामुळे सगळं ओझं माणसांच्या खांद्यावर. न्यामवेझी जमातीचे हमाल तीस-तीस किलो घेऊन महिनोन्‌महिने चालत. आत येताना कापड, मणी, तांब्याची तार. बाहेर जाताना हस्तिदंत. आणि हस्तिदंताबरोबर गळ्यात लाकडी जोखड घातलेले गुलाम. सरोवरापलीकडच्या मान्येमा प्रदेशातून पकडून आणलेली माणसं उजीजीच्या काठावर उतरवली जात. त्यातल्या कित्येकांचे वंशज आजही उजीजीत आहेत, आणि तेच आता गावचे जुने रहिवासी म्हणवतात.

इथे एक गोष्ट आपण मराठी, गुजराती माणसांनी डोळे उघडे ठेवून पाहायला हवी. या सगळ्या उलाढालीचं भांडवल मोठ्या प्रमाणावर झांझिबारच्या हिंदी पेढ्यांकडून येत होतं. झांझिबारच्या जकातीचा मक्ता बरीच वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. काफिला निघायच्या आधी कर्ज द्यायचं, परत आला की हस्तिदंतात वसूल करायचं, अशी रीत. पूर्व आफ्रिकेचं हस्तिदंत मुंबईच्या बाजारात यायचं. त्यातलं काही लंडनला जायचं, काही आपल्याकडेच नववधूंच्या चुड्यांसाठी कातलं जायचं. उजीजीच्या काठावर उभं राहिल्यावर माझ्या मनात हेच येत राहिलं की या गावचं दुःख आणि आमच्याकडची समृद्धी एकाच खतावणीत लिहिलेली होती.

फेब्रुवारी १८५८मध्ये रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक हे इंग्रज प्रवासी उजीजीला आले. सरोवर पाहणारे पहिले युरोपीय म्हणून दोघांची नावं झाली. एकाला चालता येत नव्हतं आणि दुसऱ्याला नीट दिसत नव्हतं, इतके ते आजारी होते. त्यांच्याबरोबर सिदी मुबारक बाँबे होता. याओ जमातीचा हा मुलगा लहानपणी पकडला गेला, विकला गेला, हिंदी व्यापाऱ्याबरोबर समुद्रापार आला आणि बरीच वर्षं आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे राहिला. मालक वारल्यावर मोकळा होऊन परतला. स्पीकचं आणि त्याचं बोलणं हिंदुस्तानीत चाले. पुढे त्याने स्पीक, स्टॅनली आणि कॅमरन या गोऱ्या प्रवाशांचे काफिले चालवले आणि कॅमरनबरोबर पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत अख्खं खंड पायी ओलांडलं. त्या काळी मध्य आफ्रिका त्याच्याइतकी तुडवलेला दुसरा माणूस शोधूनच काढावा लागेल.

आता १८७१. उजीजीचं नाव जगाला माहीत आहे ते त्या वर्षीच्या एका भेटीमुळे. नाईलचा उगम शोधत फिरणारा डेव्हिड लिव्हिंगस्टन २३ ऑक्टोबरला उजीजीला परतला तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. काही महिन्यांपूर्वी, १५ जुलैला, काँगोतल्या न्यांग्वेच्या भर बाजारात व्यापाऱ्यांच्या माणसांनी बायकांवर गोळ्या झाडलेल्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. शेकडो मेल्या, कित्येक नदीत बुडाल्या. तिथून पुढे जायची त्याची हिंमतच गेली. उजीजीत आला तर त्याच्यासाठी पाठवलेला माल आधीच विकून फस्त झालेला. अशा अवस्थेत नोव्हेंबरात अमेरिकन वृत्तपत्राचा बातमीदार हेन्री स्टॅनली निशाण फडकावत गावात शिरला आणि टोपी काढून त्याने ‘डॉक्टर लिव्हिंगस्टन, आय प्रिझ्यूम?’ हे प्रसिद्ध वाक्य उच्चारलं. उजीजीच्या छोट्या संग्रहालयात त्या दोघांचे कागदाच्या लगद्याचे, माणसापेक्षा मोठे पुतळे आहेत. बाहेर स्मारकाचा चौथरा आणि आंब्याची झाडं आहेत. ज्याखाली दोघं भेटले ते मूळ झाड केव्हाच गेलं. ही त्याचीच कलमं, असं सांगतात.

मी त्या पुतळ्यांसमोर बराच वेळ उभा होतो, पण बघत होतो ते तिथे नसलेल्या माणसांकडे. स्टॅनलीला पाहून पहिल्यांदा धावत आला तो लिव्हिंगस्टनचा आफ्रिकन सोबती सुसी. त्याच्या जोडीला होता चुमा. लिव्हिंगस्टनने १८६४ साली ‘लेडी न्यासा’ नावाची आपली छोटी आगबोट झांझिबारहून स्वतः हाकत मुंबईला आणली तेव्हा चुमा त्या बोटीवर होता. साहेब विलायतेला गेला आणि चुमाला मिशनरी जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या शाळेत ठेवलं गेलं. तिसरा होता एडवर्ड गार्डनर, आणि हा आमच्या नाशिकचा.

शरणपूरची हकिकत थोडक्यात अशी. ब्रिटिश आरमाराची गस्तीची जहाजं अरबी समुद्रात गुलाम वाहणारी गलबतं पकडत. सुटलेल्या माणसांचं करायचं काय, हा प्रश्न होता. त्यांची गावं जळालेली, आईबाप मेलेले किंवा विकलेले. अनेकांना मुंबईला उतरवलं गेलं आणि मुलांपैकी काहींना नाशिकला, चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात वसवलेल्या शरणपूरच्या वस्तीत पाठवलं गेलं. तिथे लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. इंग्रजी नावं मिळाली. गोदावरीच्या गावात वाढलेल्या या पोरांच्या कानांवर रोज मराठी पडली असणारच. कॅनडा कॉर्नरकडे जाताना मी शाळेच्या वयात रोज ज्या रस्त्याने गेलो त्याच्या आसपास मोझांबिक, मलावी, टांझानियाकडची मुलं रंधा मारायला शिकत होती, हे मला कुठल्याही इयत्तेत कुणी सांगितलं नाही. गोदेची, रामकुंडाची, स्वातंत्र्यलढ्याची माहिती आम्हाला होती. या मुलांची असायला हवी होती.

लिव्हिंगस्टन १८६५ला पुन्हा मुंबईला आला, बोट विकली आणि नव्या मोहिमेची माणसं जमवली. नाशिकच्या शरणपूर वस्तीतली नऊ मुलं त्याने घेतली. शिवाय मुंबईच्या पलटणीतले शिपाई, उंट, म्हशी. ५ जानेवारी १८६६ला जहाज मुंबईहून सुटलं. वाटेत शिपाई परत पाठवले गेले, जनावरं मेली, नाशिकच्या मुलांतला एक आजाराने गेला, काही सोडून गेले. त्यांना मी दोष देत नाही. ज्या मुलखातून आपल्याला दोरखंडाने बांधून नेलं त्याच मुलखात, त्याच वाटांनी, दुसऱ्याच्या नदीचा उगम शोधायला किती वर्षं चालायचं? तरीही १८७०च्या मध्यात मान्येमाच्या जंगलात जवळजवळ सगळेच हमाल फिरले तेव्हा सुसी, चुमा आणि गार्डनर हे तिघेच लिव्हिंगस्टनबरोबर पुढे निघाले.

म्हणजे नोव्हेंबर १८७१मध्ये उजीजीच्या त्या आंब्याखाली एका बाजूला मुंबईच्या शाळेत बसलेला चुमा, नाशिकला वाढलेला गार्डनर, आणि दुसऱ्या बाजूला स्टॅनलीच्या काफिल्याचा मुकादम, हिंदुस्तानी बोलणारा सिदी मुबारक. दोन साहेबांचं इंग्रजी संभाषण जगभर छापून आलं. या तिघांचं एकमेकांशी काय बोलणं झालं असेल, आणि कुठल्या भाषेत, हा विचार मला त्या प्रसिद्ध वाक्यापेक्षा जास्त ओढ लावतो.

पुढच्या वर्षी स्टॅनलीने झांझिबारहून मदतीला जी माणसं पाठवली त्यांत नाशिकची आणखी मुलं होती. त्यांतला एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ला आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज तिथे पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. मग मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात गुंडाळलेला तो देह त्यांनी हजार मैल चालवत फेब्रुवारी १८७४मध्ये बागामोयोला पोचवला. १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. सुसी आणि चुमाला मात्र त्या दिवसासाठी कुणी बोलावलं नव्हतं. ते विलायतेला पोचले ते सगळं आटोपल्यावर. नाशिकच्या वस्तीतली बरीच आफ्रिकन मंडळी १८७५च्या सुमारास मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन या सुटलेल्या गुलामांच्या वस्तीत गेली आणि शरणपूरच्या आठवणीतून पुसली गेली.

उजीजीचं पुढे काय झालं? ते स्मारकाशी उभं राहिल्यावर कळतं. भेट झाली ती जागा पाण्यालगतची. आज तिथून सरोवर गाठायला चांगलंच चालावं लागतं. टांगानिकाचं पाणी बाहेर जायला एकच वाट, पश्चिमेची लुकुगा नदी. एकोणिसाव्या शतकात तिचं तोंड गाळाने आणि झाडोऱ्याने बुजलं होतं, त्यामुळे सरोवर चढत गेलं. १८७०च्या दशकाच्या शेवटी तो बांध फुटला आणि पुढच्या काही वर्षांत पातळी जवळजवळ १० मीटर उतरली. उजीजीचा काठ मुळातच उथळ आणि वाऱ्यावर उघडा. आता तर पाणीच गावापासून लांब गेलं. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या जर्मनांनी रेल्वे आणायचं ठरवलं तेव्हा त्यांना खोल आणि आडोशाचा उपसागर हवा होता. तो किगोमाला होता. १९०५ला दार-ए-सलामहून सुरू झालेले रूळ १९१२ला टबोऱ्याला आणि १ फेब्रुवारी १९१४ला किगोमाला पोचले. अनेक पिढ्यांचा बाजार सोडून गावाचं नशीब आठ किलोमीटर उत्तरेला सरकलं. किगोमाचं पांढरं, कमानींचं स्टेशन आणि डोंगरावरचं कैसर हाउस त्याच काळातलं.

रूळ पोचून सहा महिने होतात न होतात तोच महायुद्ध पेटलं. त्याआधीच जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मायर गोदीत एक मोठी आगबोट बांधून, जोडून पाहून, पुन्हा सुटी केली होती. सुमारे ५००० पेट्यांत भरलेले तिचे भाग समुद्राने दार-ए-सलामला आणि तिथून किगोमाला आले, आणि गोदीच्या तीन कारागिरांनी स्थानिक मजुरांच्या हातांनी ती इथे काठावर जोडली. ५ फेब्रुवारी १९१५ला ती पाण्यात उतरली. नाव ‘ग्राफ फॉन ग्योट्झेन’. हा ग्योट्झेन जर्मन पूर्व आफ्रिकेचा गव्हर्नर असताना जर्मन सत्तेविरुद्धचा माजी-माजीचा उठाव पेटला होता. तो चिरडताना पिकं आणि धान्य जाळून लोकांना उपाशी मारलं गेलं. तशा माणसाचं नाव त्याच भूमीतल्या जहाजावर घातलं, याचा मला आजही संताप येतो.

जुलै १९१६मध्ये बेल्जियन फौजा काँगोकडून जवळ आल्या. जहाज शत्रूच्या हाती द्यायचं नव्हतं, आणि कारागिरांना ते मोडवतही नव्हतं. त्यांनी यंत्रांना जाड ग्रीस फासलं, जहाज वाळूने भरलं आणि २६ जुलैला मालागरासी नदीच्या मुखाजवळ ते अलगद बुडवलं. बेल्जियनांनी वर काढलं, ते पुन्हा बुडालं. १९२४ला इंग्रजांनी ते बाहेर काढलं तेव्हा यंत्रं चालण्याजोगी होती. हातांनी केलेल्या कामाची इतकी काळजी पाहिली की मन हलतं, मग ते हात कुणाच्याही बाजूचे असोत. १९२७पासून ती ‘लिएंबा’ झाली, आणि शंभरी गाठल्यावरही सरोवरात फिरत होती.

बेल्जियमने किगोमा इंग्रजांकडे सोडलं, पण १९२१च्या कराराने इथल्या आणि दार-ए-सलामच्या बंदरात आपल्या मालासाठी जागा पदरात पाडून घेतली. भाडं वर्षाला एक फ्रँक. इंग्रजांनी या प्रांताकडे पाहिलं ते मजुरांचं कोठार म्हणून. इथली ‘हा’ नावाच्या जमातीची माणसं त्याच रेल्वेने उलट दिशेला, समुद्राकडच्या घायपाताच्या मळ्यांत, कंत्राटावर जात राहिली. आज तिथे बरी सडक, बरी शाळा का उशिरा आली, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या धोरणात आहे.

१९६०च्या जूनअखेरीस काँगो स्वतंत्र झाला, तिथे गोंधळ उडाला आणि घाबरलेले बेल्जियन बोटी भरभरून किगोमाला उतरले. नेमक्या त्याच दिवसांत चिंपांझींच्या अभ्यासासाठी गोंबेला निघालेली तरुण जेन गुडॉल आईबरोबर गावात येऊन अडकली. दोघींनी काही दिवस तुरुंगाच्या आवारात तंबू ठोकला आणि निर्वासितांसाठी सँडविचचे ढीग लावले. १९६५च्या एप्रिलमध्ये क्रांतिकारक चे गेव्हारा इथूनच बोटीने काँगोत गेला आणि नोव्हेंबरात हरून इथेच परतला. अशी नावाजलेली माणसं येतात, दोन दिवस राहतात आणि पुस्तकांत गावाला दोन ओळी मिळतात. १९७२ला बुरुंडीत हुतू जमातीच्या लोकांची कत्तल झाली तेव्हा जी माणसं डोंगर उतरून आली, १९९३ला जी पुन्हा आली, १९९६ला काँगोतून जी आली आणि ज्यांच्यासाठी न्यारुगुसूची निर्वासित छावणी उघडावी लागली, त्यांच्यामुळे हा प्रांत घडला. ते दोन दिवसांसाठी आले नव्हते.

गावाच्या उत्तरेला किबिरिझीचा मासळीबाजार आहे. पहाटे होड्या परततात. बोटभर लांबीची, चांदीसारखी मासळी, दगा म्हणतात तिला, रात्री दिव्यांच्या उजेडावर भुलवून जाळ्यात घेतात. म्हणून पौर्णिमेच्या आसपास धंदा बंद. चांदण्यात ती दिव्याकडे येतच नाही. बायका ती तारेच्या जाळ्यांवर आणि वाळूवर पसरतात, ऊन चढलं की तळवा सपाट ठेवून एका झटक्यात उलटतात, आणि उलटता उलटता तुटकी बाजूला काढतात. तिथला वास थेट आपल्या कोकणातल्या सुकट बाजाराचा. किगोमाचा दगा दार-ए-सलामपर्यंत नावाने मागतात.

तिथल्या एका वयस्क बाईंशी माझं बोलणं झालं. ‘शिकामो’ हा वडीलधाऱ्यांना करायचा स्वाहिली नमस्कार म्हटल्यावर त्यांनी लाकडी पेटी पुढे सरकवून बसायला सांगितलं. संग्रहालयात मार्गदर्शकाला मी विचारलं होतं की या गावात घडलेली सगळ्यांत मोठी गोष्ट कोणती, आणि त्याने १८७१ सांगितलं होतं. तोच प्रश्न बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, कागुंगा.

कागुंगा हे बुरुंडीच्या हद्दीला टेकलेलं मासेमारांचं खेडं. मागे उभा डोंगर, पुढे पाणी, मध्ये अरुंद वाळू. २०१५च्या एप्रिलमध्ये बुरुंडीत राष्ट्राध्यक्षांच्या तिसऱ्या कारकिर्दीवरून हिंसा सुरू झाली आणि मे महिन्यात हजारो माणसं त्या वाळूवर येऊन अडकली. पिण्याला सरोवर, शौचाला सरोवर, कॉलरा पसरला. बाहेर काढायला रस्ता नव्हता. मग लिएंबा धाडली. ती काठाला लागू शकत नव्हती, म्हणून छोट्या होड्यांतून माणसं तिच्यापर्यंत न्यायची आणि एका खेपेला काही शेकडा भरून किगोमाला आणायची. इथे टांगानिका स्टेडियममध्ये उतरवून पुढे बसने न्यारुगुसूला. किगोमात उतरलेल्यांशी बोलायला दुभाषा लागला नाही. ‘हा’ लोकांची भाषा आणि बुरुंडीची किरुंडी इतक्या जवळच्या आहेत की दोघांनाही एकमेकांचं कळतं. बाईंचं माहेरच हद्दीजवळचं, त्यांच्या दोन भाच्या पलीकडे दिलेल्या. त्यांतल्या एकीला, दोन मुलं आणि पोटात तिसरं घेऊन, त्यांनी स्टेडियममध्ये गर्दीतून हुडकलं. घरी नेऊ देईनात, म्हणून त्या रोज उगाली, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि तळलेला दगा घेऊन दाराशी जात राहिल्या.

तिसरं मूल न्यारुगुसूत झालं. २०१७पासून परत पाठवणी सुरू झाली. भाची दोनदा नाव नोंदवून आली आणि दोनदा काढून आली. तिच्या नवऱ्याच्या जमिनीवर आता दुसरं कुणी पेरतं. पोरगा शाळेत जातो, त्याने बुरुंडी पाहिलेली नाही, आणि छावणीबाहेर राहायचा परवाना नसल्यामुळे त्याने किगोमाही पाहिलेलं नाही. बस मिळाली की बाई महिन्याकाठी जाऊन येतात.